तेव्ये श्टेटलमध्ये राहत नव्हता

मॉरिस श्वार्ट्‌झच्या 'तेव्ये' (1939) या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, चित्रपटाचं नाव निघालं की पाठोपाठ 'श्टेटलमधल्या जीवनाचं चित्रण' हे शब्द येतातच, लिहिणाऱ्यानं चित्रपट पाहिलेला असो वा नसो. तेव्ये श्टेटलमध्ये राहत नाही. तो खेड्यात राहतो आणि त्या खेड्यात ज्यूंचं घर एकच आहे, त्याचं. हे ध्यानात घेतलं नाही तर चित्रपटातल्या निम्म्या गोष्टी भावनेच्या भरात घडल्यासारख्या वाटतात. घेतलं तर त्यांच्यामागचा हिशेब दिसायला लागतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. यिडिशमध्ये 'श्टोट' म्हणजे शहर आणि 'श्टेटल' हे त्याचं लघुरूप, म्हणजे बाजाराचं गाव. मधोमध बाजारचौक, भोवती दुकानं नि घरं, जवळच सिनेगॉग म्हणजे प्रार्थनागृह, अभ्यासगृह, स्नानगृह आणि थोडी बाहेरच्या अंगाला दफनभूमी. वस्तीत ज्यूंचा वाटा मोठा, कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त. 'दोर्फ' म्हणजे शेतकऱ्यांचं खेडं. तिथं ज्यूंची एखाद-दोन घरं असायची: कुणी गुत्तेवाला, कुणी गिरणी खंडानं घेतलेला, कुणी दूधदुभत्यावर जगणारा. अशा माणसाला श्टेटलवाले 'यिशुव्हनिक' म्हणत, आणि त्या म्हणण्यात 'गावंढळ' हा अर्थ मुरलेला असे.

हा चित्रपट ज्यांवर बेतला आहे त्या, यिडिश लेखक शोलेम अलेखेमच्या मूळ गोष्टींत अनातेव्हका हे तेव्येच्या जवळपासचं गाव आहे, त्याचं स्वतःचं नव्हे. त्याला तिथं नेऊन वसवलं ते 'फिडलर ऑन द रूफ' या 1964 च्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेनं, आणि तिच्यावरच्या 1971 च्या चित्रपटानं ते जगाच्या डोक्यात पक्कं बसवलं. संगीतिकेला समूह लागतो, नाचायला गाव लागतं, म्हणून ते केलं असणार. रंगमंचाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण त्यामुळे तेव्येचा एकटेपणा गेला. रब्बी म्हणजे धर्मगुरू, शिंपी, खाटीक, लग्न जुळवणारी बाई असा सगळा गोतावळा त्याच्या दारात आला. श्वार्ट्‌झच्या चित्रपटात हा गोतावळा नाही. त्याच्या घराला लागून असलेली घरं युक्रेनियन शेतकऱ्यांची आहेत.

एकट्या घराला काय काय कमी पडतं हे मोजून पाहण्यासारखं आहे. सामुदायिक प्रार्थनेला 13 वर्षांवरचे 10 पुरुष लागतात. या दहांच्या गटाला 'मिन्यान' म्हणतात. तेव्येच्या घरी मोठा पुरुष एक. म्हणजे मृतासाठीची कद्दिश प्रार्थना घरी म्हणता येत नाही, तोरा या पवित्र ग्रंथाचं जाहीर वाचन होत नाही, आणि रोजची प्रार्थना एकट्यानं, बहुतेकदा घोड्याच्या बाजूनं चालता चालताच उरकायची. कोंबडी कापायची तर धर्मनियमानं कापणारा 'शोयखेत' गावात. त्याच्याकडे पिशवीत घालून न्यायची. मुलांना शिकवायचं तर शिक्षक घरी ठेवून घ्यायचा, त्याचं खाणंपिणं आपल्याकडे. त्याच सुमाराच्या 'ग्रिने फेल्दर' (1937) या चित्रपटाचं सगळं कथानक एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे: तळपायाला माती लागलेली दोन शेतकरी ज्यू कुटुंबं आणि वाट चुकल्यासारखा आलेला एक तरुण पढीक. त्याला कोणाच्या घरी ठेवायचं यावरून त्यांच्यात जुंपते. शिकलेला माणूस ही त्या मुलखातली दुर्मीळ वस्तू आहे हे कळलं की ते भांडण विनोदी राहूनही पोटात कालवतं.

आता तेव्येचा धंदा. त्याला 'मिल्खिकर' म्हणतात, दूधदुभतंवाला. मराठीत 'दूधवाला' म्हटलं की घरोघरी दूध घालणारा डोळ्यांपुढे येतो, पण तेव्येचा मुख्य माल चीज, लोणी आणि आंबट साय. दूध घालायला रोजचं गिऱ्हाईक जवळ लागतं, त्याचं गिऱ्हाईक काही कोसांवर. हा माल कसा होतो ते थोडं पाहू, कारण चित्रपटातली मडकी, फडकी आणि बरण्या त्यावाचून नुसती सजावट वाटतात.

धार काढलेलं दूध पसरट मडक्यांत गार जागी दिवसभर, कधी दीड दिवस ठेवायचं. साय वर येते. ती काढून आंबवली की आंबट साय झाली, घुसळली की लोणी. 1 किलो लोण्याला 20 लिटरच्या आसपास दूध लागतं. खाली राहिलेलं दूध उबेला ठेवून आपसूक आंबू द्यायचं. आंबलं की ते मडकं मंद आचेवर, खरं म्हणजे विझत आलेल्या भट्टीच्या तोंडाशी ठेवायचं. पाणी सुटायला लागलं की उतरवायचं. इथं घाई झाली, आच वाढली, की दाणा रबरासारखा होतो आणि कितीही दाबलं तरी वडी बांधली जात नाही, चुरा होतो. आच कमी पडली तर पाणी सुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी कडसर वास येतो. मग फडक्यात बांधून टांगायचं, चक्क्याला टांगतो तसंच, आणि वर दगड ठेवून दाबायचं. 5-6 लिटर दुधाचं किलोभर ओलं चीज. ते उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून पहाटे गाडी जुंपणं हा स्वभावाचा भाग नव्हे, मालाचा आहे.

या पद्धतीत आणखी एक सोय आहे. दूध आपसूक आंबतं, त्यामुळे जनावराच्या जठरातलं विरजण घालावं लागत नाही. म्हणजे धर्मनियमाला न चालणारी दूध आणि मांस यांची सरमिसळ होण्याचा प्रश्न मिटतो. आणि मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. कडक पाळणाऱ्या ज्यूला दूध कोणाचंही चालत नाही. धार काढताना ज्यू माणूस हजर असला पाहिजे, निदान येऊन पाहू शकेल असा असला पाहिजे, तरच ते दूध 'खोलव यिस्रोएल', म्हणजे ज्यूंचं दूध. शेजारच्या शेतकऱ्याचं दूध स्वस्त असेल, चांगलंही असेल, पण घरी नेता येत नाही. तेव्येचं गिऱ्हाईक बोइबेरिकच्या बंगल्यांत उन्हाळा घालवायला आलेले श्रीमंत ज्यू. बोइबेरिक म्हणजे कीवजवळचं बोयार्का, आणि गोष्टींत येणारं येहुपेत्स म्हणजे खुद्द कीव. कीव शहर ज्यूंना राहण्यासाठी नेमून दिलेल्या हद्दीतून वगळलेलं होतं. तिथं राहायला खास परवाना लागे, आणि तो बड्या व्यापाऱ्यांना मिळे. म्हणजे परवानेवाले उन्हाळ्यात बाहेर येतात आणि बिनपरवान्याचा तेव्ये त्यांना गाठतो. त्याचा धंदा एका धर्मनियमावर आणि एका सरकारी नियमावर तोललेला आहे.

आता शनिवार, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत ज्यू माणसाला धार काढता येत नाही, ते काम आहे. पण गाय सुट्टी पाळत नाही. कास भरून आली की तिला दुखतं, तशीच ठेवली तर सुजते आणि दूध आटतं. यावर धर्मशास्त्रानं काढलेली वाट अशी: जनावराला यातना होऊ देऊ नयेत, म्हणून धार काढायला बिगरज्यू माणसाला सांगावं. ते दूध त्या दिवशी हात लावायचं नाही, बाजूला ठेवायचं. ते पुढे चालायला हवं असेल तर धार काढताना घरचं कोणीतरी, मोठंसं मूलही चालेल, तिथं उभं पाहिजे. मजुरी त्या दिवशी द्यायची नाही, आठवड्याच्या हिशेबात धरायची.

वर्षाचे 52 शनिवार. त्याशिवाय काम वर्ज्य असलेले सणाचे 13 दिवस, त्यांतले काही शनिवारीच येतात. म्हणजे साठेक दिवस, दिवसाला दोन धारा. वर्षातून 120 वेळा शेजारचं कोणीतरी तेव्येच्या गोठ्यात बसलेलं असणार आणि तेव्येच्या घरचं कोणीतरी त्याच्या शेजारी उभं असणार. गोठ्यात उभं राहायला घरातली मुलंच पाठवली जाणार.

चित्रपट हे दाखवत नाही. पण मुलगी खावे आणि शेतकऱ्याचा मुलगा फेद्या यांची ओळख कुठून झाली, हा प्रश्न मला तरी यानंतर पडत नाही. तेव्येनं घराभोवती घातलेल्या कुंपणाला धंद्यानंच एक फाटक ठेवलेलं होतं. श्टेटलमध्ये मुलीच्या वावरात दिवसभर बहुतेक ज्यू माणसंच येतील. दोर्फमध्ये तिच्या वयाचा, वाचणारा, बोलणारा मुलगा शेजारच्या घरातच भेटणार. मूळ गोष्टीत खावे बापाला सांगते की फेद्या दुसरा गॉर्की आहे. बाप विचारतो, मग पहिला गॉर्की कोण होता? या उत्तरावर हसू येतं, पण घरात दोन वेगवेगळी ग्रंथालयं तयार झाली आहेत हे त्यातच कळतं.

लग्नाचा पेचही नीट समजून घ्यायला हवा. रशियन साम्राज्यात ज्यू किंवा ऑर्थोडॉक्स माणसाला नोंदणी पद्धतीचं लग्न असा प्रकार नव्हता. लग्न आपापल्या धर्मसंस्थेत, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाचं बिगरख्रिस्त्याशी लग्न कायद्यानं शक्य नव्हतं. त्यामुळे खावेपुढे 'धर्म ठेवून लग्न' हा पर्यायच नाही. आधी बाप्तिस्मा, मग लग्न. म्हणून पाद्री हा या गोष्टीत केवळ दुष्ट पात्र म्हणून येत नाही. तो त्या लग्नाची खिडकी आहे, अर्ज तिथंच द्यावा लागतो. मुलगी बाप्तिस्म्याआधी पाद्र्याच्या ताब्यात असते आणि बाप तिला भेटू द्या म्हणून त्याच्यापुढे उभा राहतो, हे त्या काळाच्या वास्तवाला धरून आहे.

त्यानंतर तेव्ये जिवंत मुलीचं सुतक पाळतो. 'शिव्हा' म्हणजे सात. सात दिवस जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर बसायचं, चामड्याचे जोडे घालायचे नाहीत, अंगावरचा कपडा फाडायचा, घरातले आरसे झाकायचे. धर्मांतर केलेल्या मुलासाठी शिव्हा पाळलाच पाहिजे असं शास्त्र सांगत नाही. ती लोकांत रुजलेली रूढी आहे, आणि तेव्ये तिच्याकडे वळतो हा त्याचा स्वतःचा निर्णय आहे. इथं पुन्हा दोर्फ. शिव्हाच्या घरी सकाळ-संध्याकाळ दहा जण जमून प्रार्थना करतात. पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःच्या अन्नाचं करायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं असतं, साधारणपणे उकडलेली अंडी किंवा मसूर, गोल आणि बिनतोंडाचे पदार्थ. सांत्वनाला येणाऱ्यानं आधी बोलायचं नाही, दुखवट्यातल्या माणसानं तोंड उघडेपर्यंत गप्प बसायचं. तेव्येच्या घरी कोण येणार? जेवण आणायला शेजारी नाही, प्रार्थनेला नऊ माणसं नाहीत. आणि जे शेजारी आहेत ते दुसऱ्या घरी लग्नाला गेले आहेत. सुतकाचे सगळे विधी माणसाला एकटं सोडू नये म्हणून रचलेले आहेत. इथं तेच विधी पाळणारी माणसं खोलीत एकमेकांकडे बघत बसतात. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग नाटकी वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना खोलीत कोण नाही ते मोजा.

गोल्दे, म्हणजे तेव्येची बायको, पुढे अंथरूण धरते आणि जाते. रिबेका वाइनट्राउबनं ती केली आहे. खावे खिडकीबाहेर उभी राहून आत पाहते, ही या चित्रपटातली माझ्या मते सगळ्यात उत्तम जागा. खावे झालेल्या मिरियम रिझेलचा चेहरा काचेपलीकडे. आत उजेड, बाहेर अंधार. श्वार्ट्‌झ दिग्दर्शक म्हणून फार हुन्नरी नव्हता, कॅमेरा बहुधा नाटकाच्या तिसऱ्या रांगेत बसल्यासारखा असतो. पण खिडकीची ही रचना त्याला साधली. मराठीत 'दार बंद झालं' म्हणतो, इथं दाराला कडी लावायचीही गरज पडत नाही.

मग हुकूम येतो. ज्यू कुटुंबानं 24 तासांत गाव सोडावं. हे कुठून आलं, असं वाटतं. पटकथेनं शेवटाकडे नेण्यासाठी घातलेला धक्का वाटतो. पण याचं मूळ 3 मे 1882 च्या नियमांत आहे. झारच्या सरकारनं ते 'तात्पुरते' म्हणून काढले आणि 1917 पर्यंत चालवले. त्यांत असं होतं की ज्यूंनी शहरं आणि बाजाराची गावं सोडून खेड्यांत नव्यानं वस्ती करू नये, तिथं जमीन-घर विकत किंवा खंडानं घेऊ नये. कागदावर आधीपासून खेड्यात राहणाऱ्याला धक्का नव्हता. व्यवहारात अनेक वाटा होत्या. एखादं बाजाराचं गाव कागदोपत्री खेडं ठरवलं की तिथले ज्यू एका रात्रीत बेकायदा. कोणी काही दिवस बाहेरगावी जाऊन परतला की त्याचं परतणं 'नवी वस्ती' धरायचं. भाड्याचा करार संपला, नवा करता येत नाही. आणि गावसभेनं ठराव केला तर वरिष्ठांना तेवढं निमित्त पुरे. गाव असं खेडं ठरवलं जात नाही तोवर हे नियम श्टेटलमधल्या ज्यूच्या अंगावर असे येत नाहीत. ते दोर्फवाल्यासाठीच रचलेले होते. तेव्ये श्टेटलमध्ये राहत असता तर हा शेवट असा झालाच नसता.

मूळ गोष्टींत हा प्रसंग 'लेख-लेखो' या 1914 च्या प्रकरणात येतो. नाव बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, देवानं अब्राहामाला दिलेली आज्ञा: नीघ, तुझ्या देशातून नीघ. तिथं त्याआधी एक विलक्षण भाग आहे. गावकरी तेव्येकडे येऊन सांगतात की सगळीकडे ज्यूंना झोडपताहेत तर आपल्याला मागे राहून चालणार नाही. घासाघीस होते, आणि शेवटी खिडक्यांच्या काचा फोडण्यावर तडजोड होते. शेजाऱ्यांना वाईट वाटतंय आणि ते करताहेतही, असं ते लिहिलेलं आहे. चित्रपटात ही गुंतागुंत उरलेली नाही. युक्रेनियन शेतकरी पिणारे, आडदांड, लोभी असे एका ब्रशनं रंगवलेत. हा चित्रपटाचा उघड दोष आहे आणि तो काळाच्या नावावर खपवू नये, कारण मूळ लेखकाला हे चित्रपटाच्या 25 वर्षं आधी जमलेलं होतं.

श्वार्ट्‌झनं मुलींपैकी दोनच ठेवल्या, थोरली त्सायट्ल आणि खावे, आणि 'खावे' व 'लेख-लेखो' ही दोन प्रकरणं जोडली. शेवटी खावे नवऱ्याचं घर सोडून परत येते. मूळ गोष्टीत बाप तिला घेतो की नाही हे लेखक सांगत नाही, ऐकणाऱ्यावरच सोडतो. चित्रपटात तेव्ये आधी आढेवेढे घेतो आणि मग तिला घरात घेतो. काहींना ही पळवाट वाटते. धर्माच्या बाजूनं पाहिलं तर तीत अडचण नाही: तालमूद या ज्यूंच्या धर्मशास्त्रग्रंथातल्या वचनाप्रमाणे ज्यू माणूस पाप करूनही ज्यूच राहतो, तिला पुन्हा धर्मांतर करावं लागत नाही. अडचण सरकारदरबारी होती. एप्रिल 1905 पर्यंत ऑर्थोडॉक्स चर्च सोडणं कायद्यानं शक्यच नव्हतं. चित्रपट त्या फंदात पडत नाही, गाडी निघते आणि खावे तिच्यात असते.

हे खेडं उभं राहिलं ते अमेरिकेत, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर जेरिको इथल्या एका बटाट्याच्या शेतावर. खर्च 70 हजार डॉलरच्या आसपास. हॉलिवुडच्या मानानं ही चिल्लर, यिडिश चित्रपटाच्या मानानं मोठी उडी. सपाट जमीन, मोठं आभाळ, लांबवर झाडांची रांग, एवढ्यावर युक्रेन निभावून नेला आहे आणि बऱ्यापैकी निभतो. संगीत शोलोम सेकुंदाचं. श्वार्ट्‌झ स्वतः आताच्या युक्रेनमधल्या व्होलिनियातला, 1918 मध्ये न्यू यॉर्कला त्यानं यिडिश आर्ट थिएटर काढलं आणि पुढच्याच वर्षी तेव्येला रंगमंचावर आणलं. म्हणजे कॅमेऱ्यापुढे आला तेव्हा तो वीस वर्षं या माणसाच्या कातडीत राहत होता. त्याचा फायदा दिसतो आणि तोटाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला सवयीनं वर गेलेल्या भुवया आणि थांबून थांबून टाकलेली वाक्यं जवळच्या चित्रात अंगावर येतात. अभिनय वाईट आहे असं समजू नका, तो दुसऱ्या अंतरासाठी घडवलेला आहे. लांबच्या चित्रांत तोच माणूस गाडीवरून उतरतो तेव्हा खांद्यावरूनच थकवा कळतो.

चित्रीकरण 1939 च्या ऑगस्टमध्ये चालू होतं. फेद्याचं काम करणारा लेऑन लिबगोल्ड पोलंडचा. दोन वर्षांपूर्वी वॉर्सात झालेल्या 'डेर डिबुक' मध्ये तोच नायक होता, कब्बाला या ज्यूंच्या गूढविद्येच्या नादानं जळून गेलेला विद्यार्थी. इथं शेतकऱ्याचा पोरगा. त्याची पोलंडला जाणारी बोट ऑगस्टअखेरची ठरलेली होती. पावसामुळे काम लांबलं, श्वार्ट्‌झनं त्याला सोडलं नाही. 1 सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. चित्रपट डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कला लागला. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची नोंद झाली. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला असा तो पहिलाच.

भाषेकडे कान देऊन पाहायचा असेल तर थोडी तयारी करावी. मराठी माणसाला एक फायदा आहे. यिडिशमध्ये 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च हे दोन वेगळे आवाज आहेत आणि आपल्याला ते आयतेच येतात. त्सायट्ल हे नाव 'चाक' मधल्या च नं सुरू होतं. 'खावे' मधला ख मात्र आपला नाही, घशातून खरवडून येतो. दुसरा फायदा तू आणि तुम्ही. यिडिशमध्ये 'दू' आणि 'इर' असा तोच भेद आहे, आणि आदरानं नावाच्या आधी 'रेब' लावतात. इंग्रजी उपशीर्षकांत सगळ्यांचं एकच 'यू' होतं. तेव्हा कोण कोणाला 'दू' म्हणतंय आणि कोण 'इर', हे ऐकत राहा. मान कुठं आहे, सलगी कुठं आहे आणि हुकूम कुठं आहे ते उपशीर्षकांच्या आधी कळतं.

खरी पंचाईत तेव्येच्या वचनांची आहे. तो हिब्रू वचन म्हणतो आणि लगेच यिडिशमध्ये त्याचा 'अर्थ' सांगतो, आणि तो अर्थ बऱ्याचदा मुद्दाम तिरका असतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं 'राबोइस माखशोव्होइस बेलेव्ह ईश', माणसाच्या मनात मनसुबे पुष्कळ, हे त्याचं आवडतं. कीर्तनकार संस्कृत चरण म्हणून मग मराठीत भलतीकडेच नेतो आणि श्रोते गालात हसतात, तसला हा प्रकार. त्यातली गंमत दोन भाषांमधल्या फटीत आहे. उपशीर्षकात दोन्ही ओळी एकाच भाषेत आल्या की फट बुजते आणि तेव्ये एकच गोष्ट दोनदा सांगणारा म्हातारा वाटतो. ओळीला जेमतेम चाळीस अक्षरं, दोन ओळी, चार-पाच सेकंद; एवढ्यात करता येण्यासारखं एकच आहे: हिब्रू तसंच ठेवायचं, तिरप्या अक्षरांत, आणि भाषांतर फक्त तेव्येच्या अर्थाचं द्यायचं. मराठीत कोणी उपशीर्षकं केलीच तर वचनाला संस्कृत वळणाची ओळ द्यावी की नाही यावर वाद होईल. माझं मत, देऊ नये. लगेच ते पात्र भटजी होऊन बसतं.

शेवटच्या प्रसंगात शेजारी येऊन घरातल्या वस्तू कवडीमोलानं उचलतात. एका घोडागाडीत मावेल तेवढंच न्यायचं. तेव्ये पोथ्या बांधतो, मडक्यांकडे पाहतही नाही. धंद्याची मडकी त्याच्यासाठी तिथंच संपली: दुसरीकडे गिऱ्हाईक नाही, कुरण नाही. ती मडकी घेणाऱ्याला दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी ठेवायची नाहीत, धार काढताना कोणाला उभं करायचं नाही. आणि गोठ्यात जी कोणी गाय असेल, तिची धार येत्या शनिवारी जो काढायचा तोच काढणार आहे.